आदल्या रात्रीचा बटाटा

दुर्गापूजेतली महाअष्टमी आणि आपली आठवी माळ एकाच तिथीला येतात. त्यामुळे कोलकात्यातल्या मराठी घरात त्या दिवशी जेवायला बोलावणं म्हणजे एका ओट्यावर दोन शास्त्रं सांभाळणं. घरातल्या कुणाचा तरी नवरात्राचा उपास असतो. बोलावलेले बंगाली शेजारी मंडपात पुष्पांजली देईपर्यंत पाण्याखेरीज काही घेत नाहीत, आणि अंजली झाल्यावर त्यांतल्या बऱ्याच घरांत भात चालत नाही, लुची (मैद्याची पुरी) लागते. कांदा-लसूण दोघांनाही वर्ज्य. या सगळ्या गुंत्यात दोन्हीकडच्या पानांत बिनतक्रार बसतो तो बटाटा.

खरी अडचण वेळेची असते. अंजली आटोपून मंडळी अकरा-साडेअकराला येतात, भुकेनं कासावीस होऊन. लुची तळणीतून थेट पानात पडायला हवी, म्हणजे यजमानीणबाई (किंवा यजमान, हल्ली तेही दिसतात) कढईपाशी अडकलेल्या. बटाट्याचं त्या वेळी पाहायला कुणाला सवड नसते, तो आदल्या रात्रीच मार्गी लागलेला हवा. म्हणून पदार्थ ठरवताना ‘आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल’ एवढंच विचारून भागत नाही. आदल्या दिवशी तो कुठपर्यंत न्यायचा आणि कुठे थांबवायचा, हे आधी ठरवा. बटाट्याच्या प्रत्येक पदार्थात ती जागा वेगळी आहे.

पण त्याआधी बाजार. कोलकात्याच्या बाजारात बटाटा नावानं विकला जातो. मुख्य दोन नावं, ज्योती आणि चंद्रमुखी. दोन्ही सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं १९६८ साली आणलेली वाणं, म्हणून कागदोपत्री त्यांच्या नावामागे ‘कुफरी’ लागतं. चंद्रमुखी महाग, लवकर शिजणारा, चवीला सरस. पण दोन मिनिटं जास्त उकळला की कडेनं विरघळायला लागतो. ज्योती स्वस्त आणि अंगानं घट्ट. आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी गरम करायच्या रस्स्यासाठी मी तरी ज्योतीच घेईन, बंगाली शेजारीण कितीही नाक मुरडो. चंद्रमुखी कुस्करायच्या कामासाठी राखून ठेवावा. एक सावधगिरी: चंद्रमुखीच्या नावाखाली हेमांगिनी नावाचा दिसायला सारखा बटाटा खपवला जातो. तो नीट शिजत नाही आणि चवीलाही बेताचा. एरवीपेक्षा फारच स्वस्त ‘चंद्रमुखी’ दिसला तर आधी अर्धा किलोच घेऊन घरी एक उकडून पाहा.

वाणाइतकाच महत्त्वाचा बटाट्याचा वय-इतिहास. हुगळी-बर्धमानकडे बटाटा हिवाळ्याच्या तोंडावर लावतात, फेब्रुवारी-मार्चात काढतात आणि लगेच शीतगृहांत भरतात. पूजेच्या सुमाराला, आश्विनात, बाजारातला जवळजवळ प्रत्येक बटाटा सहा-सात महिने थंडीत काढून आलेला असतो. दोन ते चार अंश तापमानात बटाट्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते. म्हणून पूजेतला बटाटा किंचित गोड लागतो आणि तळायला घातला की आतून शिजायच्या आत बाहेरून काळपट तांबूस होतो. गृहिणी तेलाला दोष देतात, पण तेल बिचारं निर्दोष असतं. उपाय सोपा आहे. पूजेसाठीचा बटाटा महालयेच्या सुमारालाच आणा आणि फ्रिजबाहेर, अंधाऱ्या हवेशीर जागी, टोपलीत पसरून ठेवा. आठ-दहा दिवसांत साखर बरीच कमी होते. कांद्याच्या टोपलीत मात्र ठेवू नका, कोंब लवकर फुटतात. हिरवट झालेला किंवा कडू लागणारा बटाटा सरळ टाकून द्यावा. थोडक्यात, ऑक्टोबरातला बटाटा रस्स्याचा, तळणाचा नव्हे.

त्या रस्स्यातला राजा म्हणजे निरामिष आलूर दम. उत्तर हिंदुस्थानी दम आलूशी त्याची गल्लत करू नका. यात काजूची पेस्ट नाही, मलई नाही, कांदाही नाही. दहा-बारा माणसांना दोन किलो मध्यम ज्योती पुरतो. सप्तमीच्या संध्याकाळी बटाटे सालासकट, मिठाच्या पाण्यात, उघड्या पातेल्यात उकडा. कुकर नको, शिट्टीचा हिशेब एकीनं चुकला तर भरीत होतं. सुरी आत जाताना शेवटी थोडी अडली पाहिजे. पाणी काढून बटाटे पूर्ण गार होऊ द्या आणि मगच सोला. गार होताना बटाट्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, त्यामुळे फोडी सुबक होतात आणि पुढे गरम करताना फुटत नाहीत. गरम सोललेल्या बटाट्याला ही मजबुती येत नाही.

सोलून अर्धे करा, काट्यानं दोन-चार ठिकाणी टोचा, हळद-मीठ चोळा. मोहरीचं तेल कढईत धूर येईपर्यंत तापवून आच कमी करा. त्याचा तिखट वास निवळला पाहिजे. या तेलात फोडी पिवळसर पापुद्रा धरेपर्यंत परतून काढा. उरलेल्या तेलात (दोन किलोंना साधारण अर्धी वाटी असावं) तीन तमालपत्रं, दोन सुक्या मिरच्या, दोन चमचे जिरं आणि अर्धा चमचा हिंग. त्यावर चार चमचे वाटलेलं आलं, मग जिरेपूड, धणेपूड, हळद आणि रंगाची मिरची थोड्या पाण्यात कालवून. चार टोमॅटो वाटून घाला, मीठ आणि दोन चमचे साखर घाला. आता घाई करायची नाही. मसाला कडेनं तेल सोडेपर्यंत, लागेल तसा पाण्याचा हबका मारत, पंधरा-वीस मिनिटं परता. बंगाली स्वयंपाकाची सगळी अब्रू या परतण्यात असते.

टोमॅटो नेहमी उकडलेल्या बटाट्यालाच भेटवा, कच्च्याला नाही. आंबटपणामुळे बटाट्याच्या पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळत नाही. कच्चा बटाटा टोमॅटोत टाकलात तर तासभर उकळूनही मध्ये कचकचीत राहील. शिजलेल्या बटाट्याला मात्र हाच गुण उपयोगी पडतो. रात्रभर आंबट रस्स्यात राहूनही फोड गळत नाही. म्हणून आलूर दम मुरायला ठेवण्यासारखा पदार्थ आहे, आणि दुधा-मलईतला बटाटा नाही.

फोडी मसाल्यात घालून तीन-चार वाट्या गरम पाणी ओता, दहा मिनिटं उकळा आणि इथे थांबा. रस्सा पानात वाढायचा त्याहून पातळच राहिला पाहिजे, कारण रात्रीतून बटाटा पाणी पिणार. मीठही पिणार, तेव्हा सकाळी रस्सा अळणी लागला तर दचकू नका; चव आधी घ्या, मग मीठ ठरवा. दालचिनी-वेलची-लवंगेचा गरम मसाला आणि चमचाभर तूप अष्टमीच्या सकाळचं. आदल्या रात्री घातलं तर त्यांचा वास फ्रिजला लागतो, पाहुण्यांपर्यंत पोचत नाही. दह्यातला आलूर दम करणार असाल तर दहीही सकाळीच, आच बंद करून, फेटून. आदल्या दिवशी घातलेलं दही गरम करताना हमखास फाटतं.

यातल्याच उकडीतून उपासाची सोय करून टाका. सोलण्याआधी आठ-दहा बटाटे बाजूला काढा, सालासकट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी साजूक तुपात जिरं, हिरवी मिरची, बटाट्याच्या फोडी, दाण्याचं कूट, मीठ, साखरेची चिमूट. पाच मिनिटांचं काम. तुमच्याकडे उपासाला सैंधवच चालत असेल तर सगळीच उकड सैंधवाच्या पाण्यात करा, वेगळं पातेलं चढवण्यात अर्थ नाही. दसऱ्याच्या श्रीखंड-पुरीबरोबरच्या पिवळ्या सुक्या भाजीलाही हाच नियम: उकडणं आणि फोडी आदल्या दिवशी, फोडणी त्या दिवशी, लिंबू आणि कोथिंबीर पानं वाढताना. सुकी भाजी पूर्ण करून ठेवली की ती फ्रिजमध्ये कोरडी पडते, आणि पाण्याचा हबका मारून गरम केली की चिकट होते. दोन्हीकडून नुकसान.

आता फ्रिजबद्दल, कारण कोलकात्यातला आश्विन म्हणजे पुण्याची दिवाळी नव्हे. पाऊस पुरता गेलेला नसतो, हवा दमट, रात्रीही पंखा लागतो. शिजवलेला बटाटा अशा हवेत ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. पण रटरटतं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकलणंही चूक. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि तिथेच अन्न बिघडतं. रस्सा दोन-तीन पसरट डब्यांत वाटा, पंख्याखाली वाफ जाऊ द्या, मग आत ठेवा. पूजेत फ्रिज मिठायांनी आधीच भरलेला असतो. जागा नसेल तर आणखी अलीकडे थांबा. परतलेला मसाला एका वाटीत मावतो, उकडलेले बटाटे सालासकट पिशवीत. सकाळी दोन्ही एकत्र करून उकळी आणली की वीस मिनिटांत दम तयार. मुरलेली चव थोडी कमी येईल, पण पंक्तीत फार कुणाच्या लक्षात येणार नाही. गरम करताना मात्र नुसतं कोमट करून भागवू नका, रस्सा मधोमध खदखदला पाहिजे. आणि वाढून उरलेला पुन्हा फ्रिजमध्ये, पुन्हा गॅसवर, हा खेळ दशमीपर्यंत चालवू नका.

आलू पोस्तोबद्दल थोडक्यात. खसखस भिजवून, हिरवी मिरची घालून वाटणं हे वेळखाऊ काम आदल्या दिवशी उरकावं, वाटण घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. शिजवावं मात्र त्याच दिवशी. शिजलेली खसखस रात्रीतून दगडासारखी बसते. शिवाय खसखशीचा भाव पाहता हा पदार्थ दोन-चार माणसांच्या घरगुती जेवणाचा, पंक्तीचा नाही.

डिसेंबर उजाडला की सगळं गणित फिरतं. शीतगृहं रिकामी होऊ लागतात, आधी पंजाबचा आणि मग बंगालचा नवा बटाटा येतो: लहान, पातळ सालीचा, बोटानं चोळला तरी साल निघणारा. हिवाळ्यातला ‘नोतुन आलूर दम’ याच अख्ख्या बोराएवढ्या बटाट्यांचा करतात, कोवळ्या मटारासह. मटार मात्र दुसऱ्या दिवशीच घाला, नाहीतर हिरव्याचे खाकी होतात. आणि मग येतो ‘बडोदिन’, नाताळ. पार्क स्ट्रीटवर रोषणाई, न्यू मार्केटात १९०२ पासूनच्या नाहुमच्या दुकानासमोर केकसाठी रांगा, बो बॅरॅक्समध्ये अँग्लो-इंडियन घरांतून भाजलेल्या मांसाचे वास. या दिवसांतल्या जेवणांत बटाट्याचे दोन पदार्थ असे आहेत, की ते पान वाढण्याच्या बरेच आधी सुरू केले तरच नीट होतात.

पहिला पोटॅटो चॉप. कुस्करलेल्या बटाट्याच्या वाटीत कोरडा खिमा भरून, चपटा करून, अंड्यात बुडवून, चुऱ्यात घोळवून तळलेला. त्याचा शाकाहारी भाऊ म्हणजे कोलकात्याच्या दुकानांतला व्हेजिटेबल चॉप, बीट-गाजर-शेंगदाणे-बेदाणे घातलेला गडद लाल. यासाठी जुना चंद्रमुखी, सालासकट उकडून, गरम असतानाच कुस्करलेला. थंड बटाट्याच्या गुठळ्या राहतात आणि मिक्सरमध्ये फिरवला तर खळ होते. मसाला भाजा मोशल्याचा: जिरं, धणे, सुकी मिरची कोरडी भाजून कुटलेली. सारण गार आणि खडखडीत कोरडं हवं, ओलं सारण तळताना वाफ धरतं आणि चॉप फुटतो. घोळवायला इथे पावाच्या चुऱ्याइतकाच बिस्किटांचा चुराही वापरतात. अंडं नको असेल तर मैदा किंवा कॉर्नफ्लोअरची पातळ पेस्ट. इथपर्यंत येऊन ताटात एकेरी मांडा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. चुरा ओलावा शोषून घट्ट चिकटतो, चॉप थंड आणि टणक होतो, आणि कढईत सोडल्यावर तेल चुऱ्यानं भरत नाही. ताजा घोळवलेला चॉप यापुढे कच्चाच वाटतो. कुस्करलेला बटाटा गोठवला तरी चालतो, त्यामुळे हे महिनाभर आधी फ्रीझरमध्ये टाकता येतात. उकडलेल्या फोडी मात्र कधी गोठवू नका; बर्फ वितळला की स्पंजासारख्या होतात, पिळल्या तर पाणी निघतं.

दुसरा पदार्थ कोलकात्याबाहेर फारसा कुणी ऐकलेला नाही, इथल्या ज्यू घरांतला आलू मकाला. आपल्याला ज्यू म्हटलं की कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली आठवतात. कोलकात्याचे ज्यू वेगळे, बगदादी. पुण्याचं लाल देऊळ बांधणाऱ्या डेव्हिड ससूनच्या समाजातले. अलेप्पोहून १७९८ मध्ये आलेल्या शालोम कोहेनपासून इथली वस्ती सुरू झाली. कॅनिंग स्ट्रीटजवळचं १८८४ चं मागेन डेव्हिड सिनेगॉग अजून डौलात उभं आहे, पण समाज हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला आहे. शुक्रवारी सूर्यास्तानंतर शब्बाथ लागतो आणि चूल पेटवणं निषिद्ध होतं. म्हणजे दर आठवड्याच्या मोठ्या जेवणाचा स्वयंपाक आधीच करून ठेवण्याची धर्माज्ञाच. अशा शिस्तीच्या घरांत हा बटाटा रुळला.

कृती ऐकून माणूस हसतो, इतकी साधी आहे. सारख्या आकाराचे मध्यम बटाटे सोलून, हळद-मिठाच्या उकळत्या पाण्यात टाका. पाण्याला पुन्हा उकळी आली की काढा आणि फडक्यावर पूर्ण कोरडे करा. जाड बुडाच्या कढईत एकेरी मांडून, ते बुडतील इतकं थंड तेल ओता. हो, थंड. मग मध्यम आच, तेलाला बुडबुडे आले की मंद. तासभर हलकेच शिजू द्यायचं. झारा फिरवून टोचायचं नाही, अधूनमधून कढईच हलवायची. हळूहळू वर फिकट सोनेरी कवच जमतं आणि आत बटाटा लोण्यासारखा होतो. इथे आच बंद करा आणि बटाटे तेलातच राहू द्या. जेवायच्या वेळी आच मोठी करून दहा मिनिटांत गडद सोनेरी करून काढा. कवच इतकं कडक होतं की काटा जोरात मारला तर बटाटा ताटातून उडी मारतो. हाताला थोडी जागा देऊन हळू फोडावा. कोंबडीच्या रोस्टसोबत खातात, पण नुसत्या कैरीच्या लोणच्याबरोबरही उत्तम लागतो.

दोन सूचना. हा बटाटा दुपारी सुरू करून रात्री संपवायचा, आदल्या दिवसावर ढकलायचा नाही. रात्रभर तेलात राहिला की तेल पितो. आणि शीतगृहातून नुकताच आलेला बटाटा इथे अजिबात चालणार नाही. त्यातल्या साखरेमुळे कवच धरायच्या आत तो काळवंडेल. हवेवर दोन आठवडे राहिलेला, कोरडा, पिठूळ बटाटा शोधा.

तळणाचं सगळ्यांत आधी करून ठेवण्यासारखं काम मात्र आपल्याच घरच्या वाळवणात आहे. मार्चमधला बटाटा ताजा, स्वस्त, थंडी न लागलेला, म्हणजे साखर कमी असलेला. त्याचा कीस दोन-तीन पाण्यांतून धुऊन, तुरटी फिरवलेल्या पाण्यात ठेवून, उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवला की नवरात्रात मूठभर कीस तेलात टाकताच पांढराशुभ्र फुलतो. कोलकात्यात हे काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत संपवावं; पुढे दुपारी चारला कालबैसाखीचं वादळ कधी गच्ची धुऊन नेईल याचा नेम नाही. ज्यांनी वाळवण केलं नाही, त्यांनी पूजेत बंगाली झुरी आलू भाजा करावा. बटाट्याच्या काड्या बारीक किसणीवर काढून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन, मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून (यानं वरची साखर निघून जाते), फडक्यावर वाळवून थोड्या थोड्या तळायच्या. शेंगदाणे, कढीपत्ता, मीठ, किंचित साखर शेवटी. पंचमीला केलेला हवाबंद डब्यात कोजागरीच्या लक्ष्मीपूजेपर्यंत टिकतो. डबा मात्र पानं मांडून झाल्यावरच उघडा आणि लागेल तेवढाच काढा. त्या हवेत उघडा राहिलेला भाजा डाळ वाढून होईपर्यंत मऊ पडतो.